दीक्षाभूमीला पहिल्यांदा येताय? दर्शन आणि सोहळा एकाच दिवशी धरू नका

जय भीम ताई,

तुमचा प्रश्न मला असा कळला. तुम्ही नाशिकहून पाच जण येणार: तुम्ही दोघं, दोन लहान मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला यायची पहिलीच वेळ. रेल्वेनं यावं की समृद्धी महामार्गावरून गाडीनं, राहायचं कुठे, आणि सकाळी पोहोचून रात्री परत निघालं तर जमेल का, एवढं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचाच आहे. सोहळ्याच्या दिवसांत बरीच वर्षं कधी रेल्वे स्टेशनवर, कधी दीक्षाभूमीबाहेरच्या रस्त्यांवर स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. तिथं जे दिसतं त्यावरूनच लिहितो.

लोक पोहोचायची फार काळजी करतात. पोहोचता येतं. त्या दिवसांत सगळं शहर दीक्षाभूमीकडेच चाललेलं असतं, रस्ता विचारावासुद्धा लागत नाही. खरी अडचण येते ती तीन ठिकाणी: स्तूपात जाण्याच्या रांगेत, गर्दीत घरच्यांची चुकामूक झाल्यावर, आणि परतीच्या गाडीत चढताना. या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. दसऱ्याच्या एका दिवसात दर्शन, पुस्तकं, मुख्य कार्यक्रम आणि परतीचा प्रवास असं सगळं बसवायला माणूस बघतो. म्हणून माझा पहिला सल्ला: दर्शन आणि सोहळा वेगवेगळ्या दिवशी करा. निदान दोन मुक्काम धरून या. सासूबाई बरोबर आहेत म्हणून तर नक्कीच.

आधी तारीख पक्की करा, कारण यात दरवर्षी कुणी ना कुणी गोंधळतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली, त्या दिवशी अशोक विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा तिथीप्रमाणे, म्हणजे दसऱ्याला होतो आणि तो कधी सप्टेंबरच्या शेवटाकडे, कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. १४ ऑक्टोबरलाही लोक अभिवादनाला येतात, पण ती गर्दी वेगळी. चंद्रपूरचा सोहळा मात्र तारखेनं १५ आणि १६ ऑक्टोबरला असतो, कारण बाबासाहेबांनी तिथं १६ ऑक्टोबरला दीक्षा दिली. दसरा त्याच्या आसपास आला तर लोक नागपूर करून पुढे चंद्रपूरला जातात. तुम्हाला मुलांच्या शाळेचं बघायचं असेल, तर कॅलेंडर समोर ठेवूनच आरक्षण करा.

आता दिवसांची मांडणी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत नागपुरात पोहोचा. दोन दिवस आधी जमलं तर फारच छान. शक्य तितक्या सकाळी स्तूपात जाऊन या. आत बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांचा अस्थिकलश आहे. दसऱ्याला आत जाण्यासाठी लोक तासन्‌तास उभे असतात, ते उभं राहणं सासूबाईंना झेपणार नाही. आदल्या दिवशीही रांग असते, पण ती पुढे सरकते. पहाटेच्या गारव्यात गेलात तर त्या रांगेत टेकत-टेकत जाऊ शकतील. चपला कुठेही काढून ठेवू नका. एक कापडी पिशवी घ्या, चपला त्यात घालून जवळच ठेवा. दर्शन झालं की आवारातच बोधिवृक्ष आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेला. तिथं थोडा वेळ बसा. मुलांना सांगायला तीच जागा सगळ्यात चांगली. स्तूपाचं लोकार्पण २००१ सालच्या डिसेंबरात तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. म्हणजे सासूबाईंच्या पिढीनं ही जागा स्तूपाशिवायही पाहिली असणार. त्यांच्या ओळखीतलं कुणी पूर्वी येऊन गेलं असेल तर ते त्यांनाच विचारा, मुलं ऐकत बसतील.

पुस्तकंही त्याच दिवशी घ्या. दीक्षाभूमीच्या आवारात आणि भोवतीच्या रस्त्यांवर पुस्तकांचे इतके स्टॉल असतात की पुस्तकं घेण्यासाठीच येणारे लोक मी ओळखतो. शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड हवे असतील तर त्या स्टॉलवर आधी जा, हवे ते खंड लवकर संपतात. पण वजनाचा विचार करा. पाच-सहा जाड पुस्तकं, त्यात पंचशील ध्वज, मूर्ती, मुलांची खेळणी, आणि एका हाताला सासूबाई, असं दसऱ्याच्या गर्दीत चालता येत नाही. आदल्या दिवशी घेऊन मुक्कामावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी हात मोकळे.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वंदना आणि मानवंदना होते, मुख्य कार्यक्रम संध्याकाळी. तुम्ही दुपारभर मुक्कामावर विश्रांती घ्या आणि ऊन उतरल्यावर निघा. ऑक्टोबरात नागपूरचं ऊन भाजतं. मोकळ्या मैदानावर दुपार काढणारे म्हातारे-कोतारे चक्कर येऊन पडतात, हे दरवर्षी डोळ्यांनी बघतो. उलट एखाद्या वर्षी परतीचा पाऊस गाठतो आणि बसायला कोरडी जागा उरत नाही. म्हणून दोन्हींची तयारी असू द्या: छत्री, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर, आणि खाली अंथरायला जाड प्लास्टिक. सासूबाईंसाठी घडीचं छोटं स्टूल आणलंत तर तेवढ्यानंच त्यांचा अर्धा त्रास कमी होईल. आणि संध्याकाळी अगदी मंचाच्या जवळ जायचा हट्ट नको. बाहेरच्या रस्त्यांवरही ध्वनिक्षेपक असतात, सगळं ऐकू येतं, आणि हवं तेव्हा उठून निघता येतं. लहान मुलं असलेल्यांनी कडेलाच बसावं असं माझं ठाम मत आहे. पुढे बसलेल्या माणसाला मुलाला लघवीला न्यायचं झालं तरी अर्धा तास जातो.

त्या दिवशी नागपुरात आणखीही कार्यक्रम असतात. सकाळी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो आणि संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावणदहन. त्यामुळे शहरातले बरेच रस्ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वळवलेले असतात. वाहतूक पोलीस एक-दोन दिवस आधी बंद रस्त्यांची यादी काढतात, ती वर्तमानपत्रांत येते. ती वाचून मगच गाडी किंवा ऑटोचा विचार करा. दीक्षाभूमीच्या चारही अंगांना, राहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, बजाजनगर, काचीपुरा या बाजूंनी वाहनं लांबच अडवतात. ऑटोवाला "जवळ सोडतो" म्हणाला तरी जिथं बॅरिकेड लागलेलं असेल तिथंच सोडणार, हे धरून चला.

म्हणून मेट्रो. नागपूरची मेट्रो दोन मार्गांची आहे आणि दोन्ही मार्ग सीताबर्डीला भेटतात. आम्ही नुसतं बर्डी म्हणतो. ऑरेंज लाईन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. ॲक्वा लाईन पूर्व-पश्चिम, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. रेल्वे स्टेशनचं मेट्रो स्थानक ॲक्वा लाईनवर आहे. तिथून बर्डीला या, गाडी बदलून खापरीकडे जाणारी धरा, काँग्रेसनगर सोडून पुढचं राहाटे कॉलनी, तिथं उतरा. पुढे गर्दीबरोबर चालत जायचं. धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटं, सासूबाईंना त्याच्या दुप्पट धरा, मध्ये दोन-तीनदा बसू द्या. स्थानकांवर लिफ्ट आहेत, जिने चढवू नका. परतताना राहाटे कॉलनीवर खूप दाटी झाली असेल तर घाई करू नका. एखादा तास रस्त्याकडेला बसून जाऊ दिलात तरी फरक पडतो. त्या दिवसांत मेट्रोच्या फेऱ्या वाढवतात, पण शेवटची गाडी किती वाजता आहे ते त्याच दिवशी स्थानकावर विचारून ठेवा.

राहायचं कुठे, हे तुम्ही किती आधी ठरवता आणि खर्चाची तयारी किती यावर आहे. बरेच जण नकाशात बघून दीक्षाभूमीला सगळ्यात जवळचं लॉज शोधतात. मी उलटं सांगतो. जवळच्या लॉजपर्यंत त्या दिवशी वाहनच पोचत नाही, सामान घेऊन चालावं लागतं, रात्रभर आवाज असतो आणि भाडंही जास्त. त्यापेक्षा मेट्रोच्या मार्गावर दोन-चार स्थानकं लांब राहा: बर्डी, किंवा वर्धा रोडवर छत्रपती चौक, जयप्रकाशनगर. परतीची गाडी पहाटे असेल तरच स्टेशन किंवा गणेशपेठ एसटी स्टँडजवळ बघा. दोन-तीन महिने आधी खोली धरली नाही तर पुढे दर वाढतात, आणि धरलेली खोलीसुद्धा आयत्या वेळी नाकारल्याचं ऐकतो. म्हणून थोडी आगाऊ रक्कम देऊन लेखी पावती घ्याच.

खर्च जमणार नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. महापालिका आणि प्रशासन दीक्षाभूमीच्या आसपासच्या शाळांत आणि शासकीय आवारांत निवाऱ्याची सोय करतात. पाणी, शौचालयं, आरोग्य तपासणीचे मंडप असतात. पण तिथं जमिनीवर झोपावं लागतं, सासूबाईंना उठा-बस अवघड जाईल. त्याहून चांगलं म्हणजे विहार. इंदोरा आणि उत्तर नागपूरच्या वस्त्यांत, तसंच शहरभर, अनेक विहारांत आणि घरांत बाहेरगावच्या लोकांना उतरवून घेतात. अनोळखी माणसानं आयत्या वेळी जाऊन जागा मागण्यापेक्षा तुमच्या नाशिकच्या विहाराच्या समितीला आधीच सांगा. कुणाची ना कुणाची नागपुरात ओळख निघतेच. इंदोरा चौक ऑरेंज लाईनवरच आहे, तिथून राहाटे कॉलनी एकाच गाडीत.

जेवणाची चिंता नको. त्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर भोजनदान चालू असतं. वस्त्या, संघटना, कार्यालयांतले कर्मचारी, कुणी वर्षभर पैसे साठवून मसालेभात वाटतो, कुणी बुंदी, कुणी नुसतं थंड पाणी. घ्यायला संकोच करू नका. देणाऱ्याला ते दान वाटतं, तुम्ही नाही म्हणालात तर त्याला वाईट वाटतं. एवढंच पाहा, की मुलांना दुपारनंतरचं, उन्हात बराच वेळ उघडं राहिलेलं अन्न देऊ नका, आणि पाणी बाटलीतलं द्या. सकाळी तर्री-पोहे खाल तर मुलांना तर्री न घालता मागा, आमच्याकडची तर्री झणझणीत असते. पत्रावळी मात्र डब्यातच टाका, मुलांनाही सांगा. दुसऱ्या दिवशी तो सगळा परिसर सफाई कामगार साफ करतात, आणि त्यातले किती तरी आपलेच लोक आहेत.

चुकामुकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण स्टेशनवर आणि मैदानावर मला सगळ्यात जास्त रडणारी माणसं त्यापायीच दिसतात. मोबाइलवर विसंबू नका. लाखो लोक एका जागी आले की फोन लागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत बॅटरीही संपते. मुलांच्या खिशात आणि सासूबाईंच्या पदराच्या गाठीत एक चिठ्ठी ठेवा. त्यावर नाव, तुमचे दोन मोबाइल नंबर, गावी असलेल्या एका नातेवाइकाचा नंबर, आणि नागपुरात कुठे उतरलात ते लिहा. गावचा नंबर का, तर इथला फोन लागत नसला तरी नाशिकचा लागतो, आणि दोघांनीही तिथं निरोप ठेवला तर भेट होते. भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा आणि ती मैदानाच्या बाहेरची ठेवा. "स्तूपासमोर" ही जागा होत नाही, तिथं हजारो लोक असतात. राहाटे कॉलनीचं मेट्रो स्थानक ठरवलंत तर बरं, मुलांना ते नावानं विचारताही येईल. मुलांना हेही शिकवा की हरवलं तर फिरायचं नाही, वर्दीतल्या पोलिसाकडे किंवा समता सैनिक दलाच्या गणवेशातल्या माणसाकडे जायचं. त्यांच्याकडून ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं जातं.

तब्येतीचं म्हणाल तर आरोग्याचे मंडप जवळच असतात. मोठं काही झालं तर "मेडिकल"ला न्या, म्हणजे मेडिकल चौकातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. स्टेशनकडे असाल तर "मेयो" हे सरकारी रुग्णालय जवळ. ऑटोवाल्याला एवढे शब्द पुरतात. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या दोन पाकिटांत वाटून एक तुमच्याजवळ आणि एक त्यांच्याजवळ ठेवा.

आता रेल्वे की गाडी. दोन्हींत खरा प्रश्न परतीचाच आहे.

रेल्वेनं यायचं तर नाशिकरोडहून विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस या तुमच्या सोयीच्या गाड्या. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच करा, आणि आधी परतीचं करा, मग येतानाचं. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागू होतो. पाच जणांचं एकच तिकीट काढलंत तर तो मिळत नाही. सासूबाईंचं तिकीट वेगळं, त्याच गाडीचं, त्याच वर्गाचं काढा. परतीला मी सेवाग्राम सुचवेन, कारण ती नागपूरहूनच सुटते. विदर्भ गोंदियाहून येते, हावड्याकडच्या गाड्या तर आणखी लांबून. त्या इथं येतानाच भरलेल्या असतात आणि स्थानकावर थोडाच वेळ थांबतात, त्या वेळात म्हाताऱ्या माणसाला घेऊन चढणं फार कठीण. इथून सुटणारी गाडी आधी फलाटावर लागते, शांतपणे बसता येतं.

दसऱ्याच्या रात्री परतीच्या गाड्यांत आरक्षित डब्यांतही विनाआरक्षण लोक शिरतात. त्यांच्यावर चिडू नका. बहुतेक मजुरी करणारी माणसं असतात, ज्या ओढीनं तुम्ही आलात त्याच ओढीनं आलेली. आपणच सोय पाहावी: दसऱ्याच्या रात्री न निघता दुसऱ्या दिवशी रात्री निघा, आणि जमलं तर निदान परतीला एसी थ्री टियर घ्या. मध्य रेल्वे या सोहळ्यासाठी विशेष गाड्या सोडते. त्यांची घोषणा जवळ आल्यावर होते, त्यांवर लक्ष ठेवा. मात्र काही गाड्या नागपूरऐवजी अजनी स्थानकातून सुटतात, म्हणून तिकिटावरचं स्थानकाचं नाव नीट वाचा. नागपूर स्टेशनवर उभं राहून अजनीची गाडी चुकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

गाडीनं यायचं तर सिन्नरजवळून समृद्धीला लागा. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग २०२५ च्या जूनपासून पूर्ण सुरू आहे. त्याचं नागपूरचं टोक शिवमडक्याला, शहराच्या दक्षिणेला आहे. ही तुमच्या फायद्याची गोष्ट. तिथून खापरीचं मेट्रो स्थानक जवळ पडतं. त्या बाजूला मुक्काम घ्या, गाडी तिथंच ठेवा, आणि शहरात मेट्रोनंच फिरा. खापरीहून थेट राहाटे कॉलनी, गाडी बदलायची गरज नाही. निघण्याआधी टायर तपासून घ्या. लांबच लांब सरळ सिमेंटचा रस्ता, तापलेले टायर आणि एकसुरी वेग यांनी घात होतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: दसऱ्याचा दिवस उभं राहून, चालून काढल्यावर त्याच रात्री समृद्धीवर गाडी घालू नका. चालवणारा एकटाच असेल तर मुळीच नाही. रात्र नागपुरात काढा, सकाळी चहा घेऊन निघा, संध्याकाळपर्यंत घरी पोहोचता.

म्हणजे तुमच्यासाठी असं होतं: आदल्या सकाळी पोहोचणं, दर्शन आणि पुस्तकं, दसऱ्याला दुपारपर्यंत विश्रांती, संध्याकाळी कडेला बसून सोहळा, तिसऱ्या दिवशी परत. तो तिसरा दिवस रिकामा ठेवू नका. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार बघा, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा ऑटो. त्याच वाटेवर नागलोक हे बौद्ध केंद्र आहे, तिथली चालत्या बुद्धाची उंच मूर्ती मुलांना आवडेल. स्वतःची गाडी असेल तर काटोल रोडनं चिचोलीच्या शांतिवनला जा, तिथं बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. माझं ऐकाल तर एकच निवडायचं झाल्यास सासूबाईंसाठी चिचोली निवडा. तिथं चालणं कमी आहे.

गाडीनं येताय की रेल्वेनं, आणि सासूबाई एका वेळी साधारण किती चालू शकतात, तेवढं लिहा. त्यांना फार चालवत नसेल तर त्यांच्यापुरती चाकाची खुर्ची नाशिकहूनच आणणं बरं. इथं त्या दिवशी भाड्यानं मिळेल याच्या भरवशावर राहू नका. खुर्ची असेल तर राहाटे कॉलनीकडून न येता कोणत्या बाजूनं आलात तर रस्ता रुंद पडेल, तेही मग सांगतो.